साडूकडे गेलेली गाडी

माझा साडू वाईट माणूस असता तर माझं बरंच सोपं झालं असतं. वाईट माणसावर मोकळेपणाने जळता येतं, चार लोकांत त्याच्याविषयी बोलता येतं, बायकोसुद्धा मान हलवते. पण हा माणूस चांगला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझ्याहून बराच लहान, हसरा, सासऱ्यांच्या पाया पडताना पूर्ण वाकणारा. आणि धंदा माझाच.

मानेवाड्याकडे माझं गॅरेज आहे. डिप्लोमा झाल्यावर दुसऱ्याच्या हाताखाली काही वर्षं काढली, मग स्वतःचं शटर उघडलं. साध्या गाड्यांपासून सुरुवात झाली आणि हळूहळू शौकिनांच्या गाड्या यायला लागल्या. कुणाला जुन्या गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायचं असतं, कुणाला मैदानात खुणा लावून, घड्याळ लावून गाडी पळवायची असते. अशा गाडीत सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे. माझं लक्ष ब्रेक आणि मागच्या एक्सलकडे, म्हणजे चाकांच्या आसाकडे. "पळवणं कोणालेही जमते, थांबवणं आमच्याकडून शिका," असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो, आणि ते वाक्य मला स्वतःलाच फार आवडायचं. नागपुरात मागच्या एक्सलचं काम म्हटलं की माझं नाव निघायचं. तेवढ्या एका गोष्टीवर मी सासरी ताठ मानेने बसायचो.

मग साडू चेन्नईहून परत आला. तिथे तो शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या एका टीममध्ये होता. वर्धा रोडने मिहानकडे जाताना आत वळून त्याने वर्कशॉप उघडलं. उद्घाटनाला आधी बुद्धवंदना झाली, मग खीर वाटली. राखाडी रंगाची चकचकीत फरशी, भिंतीवर प्रत्येक पान्याची जागा आखलेली, वर पांढरे दिवे. आमचे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, पहिल्या खुर्चीवर बसले होते. कळमेश्वरच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म गेलेला, यंत्रांची जाण असलेले. ते फरशीवरून बूट फिरवत म्हणाले, "याले म्हणतात वर्कशॉप. इथं पंगत बसवता येते बाप्पा!"

माझ्या गॅरेजात ते कधी आलेच तर पँट घोट्याच्या वर धरून उभे राहायचे.

मी खीर खाल्ली, साडूला मिठी मारली, अभिनंदन केलं. परत येताना गाडीत बायको म्हणाली, "बोलत काहून नाही? जळून राहिले का?"

"मले काय जळायचं आहे?" मी म्हणालो. तिने खिडकीबाहेर पाहिलं, आणि मला तिचं हसणं काचेत दिसलं.

काही महिने सगळं ठीक चाललं. त्याची गिऱ्हाइकं वेगळी होती, माझी वेगळी. मग डॉक्टरबाईंची गाडी आली मध्ये.

डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं थेट. त्यांच्या वडिलांची एक जुनी लांबलचक सेडान होती, मागच्या चाकांनी ढकलणारी, आतून सोफ्यासारखी. काही वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा सगळे म्हणाले विकून टाका. त्या ती माझ्याकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हिला पळवायची आहे. बाबांनी आयुष्यभर हळू चालवली." मला तेव्हाच त्या आवडल्या. मी त्या गाडीत नव्या जमान्याचं इंजिन बसवलं, पुढचे ब्रेक बदलले, आणि मागे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क लावल्या. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे कॅलिपर मी मुद्दाम मागवले होते, आणि ते एक्सलवर पक्के बसावेत म्हणून आधाराच्या पट्ट्या स्वतः कापून, स्वतः वेल्डिंग करून बनवल्या होत्या. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात देखणं काम. डॉक्टरबाई रविवारी गाडी मैदानात न्यायच्या आणि अर्ध्या वयाच्या पोरांपेक्षा कमी वेळात फेरी मारून यायच्या.

एका मोसमात त्यांनी रुंद, मऊ रबराचे टायर घातले. जमिनीला चिकटणारे. त्यानंतर तक्रार सुरू झाली.

"वळण संपवून ब्रेक दाबला की पेडल खाली जातं," त्या म्हणाल्या. "एकदम खाली. दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं, जसं काही झालंच नाही. आणि कधी कधी मागची चाकं जाम होतात ते वेगळंच."

पेडल खाली जातं म्हणजे ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा, हे कोणीही सांगेल. मी हवा काढली. पुन्हा काढली. पेडलमागचा मास्टर सिलिंडर बदलला. होज म्हणजे ऑइलच्या नळ्या पाहिल्या, ऑइल बदललं. मागची चाकं उचलून वरखाली हलवून पाहिली, घट्ट होती. रिंग रोडवर नेऊन सरळ पट्ट्यात जोरात दाबून पाहिलं, गाडी दगडासारखी थांबली. मी म्हणालो, झालं. डॉक्टरबाई मैदानात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, नाही झालं. असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"भाऊ, राग नका मानू. मी गाडी जरा दुसरीकडे दाखवते. तुमचेच साडू आहेत, घरातलेच झाले."

"हो हो, दाखवा ना," मी म्हणालो. "घरातलाच आहे."

फोन ठेवून मी एका स्कूटरचा साधा बोल्ट इतका आवळला की तो तुटला.

साडूने मला दुसऱ्याच दिवशी फोन केला. हेच तर त्याचं. "भाऊ, डॉक्टरबाई गाडी घेऊन आल्या. तुमच्या गिऱ्हाईक आहेत, तुम्ही नाही म्हटलं तं मी हात लावत नाही." आता यावर माणूस काय बोलणार? मी म्हणालो, लाव गा, लाव. आणि दोन दिवस जेवताना भाजीला मीठ जास्त झालं, कमी झालं, असं काहीतरी म्हणत राहिलो. बायकोने शेवटी मिठाची बरणीच माझ्यापुढे ठेवली.

त्याने गाडीला तारा जोडल्या, ब्रेकचा दाब लॅपटॉपवर पाहिला. त्याचं म्हणणं पडलं की पुढच्या आणि मागच्या चाकांत दाब चुकीचा वाटला जातो आहे, मागे जास्त जातो, म्हणून चाकं जाम होतात. त्याने दाब कमीजास्त करायचा एक व्हॉल्व्ह बसवला, डिस्कवर दाबले जाणारे पॅड बदलले. मागची चाकं जाम होणं खरोखर थांबलं, आणि साध्या रस्त्यावर पेडलही खाली गेलं नाही. डॉक्टरबाईंनी गाडीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. साडू गाडीशेजारी उभा, हातमोजे काढलेले, हसतो आहे. खाली त्यांनी लिहिलं होतं की गाडीला शेवटी योग्य डॉक्टर मिळाला.

शेवटी. तो एक शब्द मी कितीदा वाचला सांगता येणार नाही. फोटो मोठा करून पाहिला. चाक काढलेलं होतं आणि कोपऱ्यात, साडूच्या गुडघ्यामागे, माझ्या पट्टीवरचं माझं वेल्डिंग दिसत होतं. सरळ, एकसारखं, माशाच्या खवल्यांसारखं. ते कोणाला दिसलं असणार? ग्रुपवर लोक अंगठे दाखवत होते, टाळ्या वाजवत होते. मीही एक अंगठा टाकला.

पुढच्या रविवारी मैदान होतं कळमेश्वरच्या बाजूला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. आत रुंद सिमेंटचे रस्ते, एक लांब डावं वळण, आणि वळण संपताच ब्रेक दाबून उजवीकडे वळायचं. बाहेरच्या बाजूला जुन्या टायरांची रास, तिच्या मागे कुंपण आणि तुरीचं शेत. मामाजींचं घर जवळच, म्हणून सगळं सासर तिथे जमलं. माझ्या साळीने, म्हणजे साडूच्या बायकोने, डब्यात वडे आणले होते, भिवापुरी मिरचीचा ठेचा होता. मामाजी खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, "ते पांढरी गाडी आहे ना, ते आमच्या लहान जवायानं बनवली."

बनवली! मी ठेच्याचं बोट तोंडात घातलं आणि डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं आहे असं सगळ्यांना वाटलं.

मी उठून बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी जाऊन उभा राहिलो, त्या लांब वळणाच्या तोंडावर. खरं सांगायचं तर मी साडूच्या कामातली खोट शोधायला गेलो होतो. जळका माणूस फार बारीक पाहतो. इतकी वर्षं मी त्या गाडीत बसून ब्रेक तपासला होता; बाहेर उभं राहून, वळणात, मागून तिला कधी पाहिलं नव्हतं.

पहिली फेरी डॉक्टरबाईंनी जपून मारली. दुसरीत त्यांनी गाडी मोकळी सोडली. गाडी त्या डाव्या वळणात आली तेव्हा ती एका अंगावर पूर्ण झुकली होती, मऊ टायर सिमेंट सोडत नव्हते, सगळा भार बाहेरच्या मागच्या चाकावर. वळण संपलं. ब्रेकचा लाल दिवा लागला. आणि गाडी हळू झालीच नाही. दिवा विझला, पुन्हा लागला, तेव्हा कुठे तिचं नाक खाली गेलं. पण तोवर उशीर झाला होता. टायरांच्या राशीवर धडक बसली, टायर उडाले, आणि गाडी कुंपणाची तार घेऊन तुरीत शिरली.

माझ्या मनात पहिलं काय आलं? आनंद. लहानसा, थंड, पण आनंदच. तो आला आणि त्याच क्षणी मी दोरीखालून धावत सुटलो होतो, आणि माझ्या पुढे साडू धावत होता.

डॉक्टरबाई स्वतः दार उघडून बाहेर आल्या. केसांत तुरीची पानं. ती झटकत त्यांनी दार लोटलं. "काही नाही झालं मला," त्या म्हणाल्या. "पहिल्या दाबाला पेडल खालीच गेलं. बरं झालंय म्हणून मी या वेळी दोनदा दाबायला तयार नव्हते."

साडू पांढराफटक पडला होता. "माझ्या भरवशावर दाबला तुम्ही," तो म्हणाला, आणि तिथेच बांधावर बसला.

मी गाडीच्या मागे गेलो. सरळ रस्त्यावर कधीच होत नाही. फक्त वळणानंतर होतं. आणि टायर बदलल्यापासून होतं. हे तिन्ही मला आधीपासून माहीत होतं, पण दोरीपाशी उभं राहून त्या बाहेरच्या चाकावर पडलेला भार पाहिल्यावर ते माझ्या डोक्यात एका जागी आलं. मी जॅक मागवला, मागचं चाक उचललं आणि काढलं. या वेळी वरखाली नाही हलवलं. डिस्क दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढली, मग आत ढकलली.

टक्. टक्.

"इकडे ये," मी साडूला म्हणालो. "पाह्य."

त्याने हात लावला. ओढलं, ढकललं. टक्. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला समजलं हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्याला फार सांगावं लागत नाही, तेही एक.

डॉक्टरबाईंना मात्र सांगावं लागलं. "आतला दांडा आहे ना, ज्याच्यावर चाक बसते, तो थोडासा आतबाहेर सरकतो," मी म्हणालो. "जुन्या ड्रमले त्याचं काही वाटत नव्हतं. पण आता डिस्क आहे, अन् दोन्ही बाजूनं तिले पकडणारे कॅलिपर आहेत. वळणात दांडा सरकला का डिस्क सरकते, अन् पॅडले मागे ढकलून देते. मग तुम्ही ब्रेक दाबता तं पहिला दाब पॅड परत जागेवर आणण्यातच जाते. दुसऱ्या दाबात ब्रेक लागते."

"मग आधी का नव्हतं होत?"

"आधीचे टायर घसरून जात होते. हे धरून ठेवतात. सगळा जोर दांड्यावर येते."

कॅलिपर माझे, दांडा त्यांच्या वडिलांच्या काळातला, टायर नवे. डॉक्टरबाईंनी स्वतः ती डिस्क ओढून ढकलून पाहिली आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे दाढ हलत होती आणि आपण हिरडीला औषध लावत होतो." त्यानंतर त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या, आणि मग थोडं रडल्याही. साळीने त्यांना पाणी दिलं.

गाडी दुरुस्तीला साडूच्या वर्कशॉपमध्ये गेली, कारण बेअरिंग काढाबसवायचा मोठा प्रेस त्याच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता. मी रोज सकाळी तिकडे जायचो. त्या फरशीवर माझ्या चपलांचे ठसे उमटायचे आणि त्याचा माणूस लगेच पुसून घ्यायचा. प्रत्येक पाना आपल्या आखलेल्या जागी. मी एक पाना मुद्दाम चुकीच्या जागी अडकवून पाहिला. साडूने बोलता बोलता तो उचलून बरोबर जागी ठेवला, माझ्याकडे न बघता.

काम मात्र चांगलं झालं. आम्ही दोन्ही दांडे बाहेर काढले. बेअरिंगमध्ये खाचा पडल्या होत्या. नवी बेअरिंग दाबून बसवली, आणि दांडा सरकू नये म्हणून बाहेरच्या प्लेटखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून ती आतबाहेरची मोकळीक घालवली. जास्त घट्ट केलं तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिलं तर आजार तोच. मी दांडा हाताने फिरवून सांगायचो, अजून एक चकती घाल, आता काढ, आता पुरे. साडू माप घेऊन बघायचा आणि मान डोलवायचा. मग तो म्हणाला, "भाऊ, मोकळीक थोडीफार परत येईलच कधीतरी. कॅलिपरच बदलून टाकू का? जे डिस्कसोबत स्वतः सरकते तसे. एका नव्या गाडीचे बसतात, मी मोजून ठेवले आहेत."

म्हणजे माझ्या पट्ट्या काढायच्या. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे मला त्याच्याआधी सुचायला हवं होतं. "बसव," मी म्हणालो. त्याने मशीनवर नव्या पट्ट्या कापल्या. माझ्या जुन्या पट्ट्या त्याने फेकल्या नाहीत, पुसून एका खणात ठेवल्या आणि म्हणाला, "वेल्डिंग काय केलं आहे भाऊ तुम्ही. असं मले जमत नाही."

तो खोटं बोलत असता तर किती बरं झालं असतं.

नवा बंपर बसला, तारेने ओढलेले ओरखडे रंगवले गेले. आम्ही तिघं त्या आवारात परत गेलो, मामाजीही आले. या वेळी डॉक्टरबाईंनी मला बाजूच्या सीटवर बसवलं. लांब डावं वळण आलं. माझं अंग डॉक्टरबाईंकडे ढकललं गेलं, मागून टायरांचा आवाज. वळण संपलं आणि त्यांनी दाबला. पेडल वरच्या वर थांबलं, पट्टा छातीत रुतला, गाडी जागेवर बसली. त्यांनी फेरी परत मारली. तसंच. तिसऱ्यांदा तसंच. मग गाडी उभी करून त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही तळवे आपटले आणि म्हणाल्या, "बाबा घाबरले असते!"

त्या क्षणी मी सुखी होतो. पुरता सुखी. ते जेवणापर्यंत टिकलं.

जेवण मामाजींकडे होतं. डॉक्टरबाईंनाही बोलावलं होतं. मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा. मला वाटलं, आज मामाजी विचारतील, आज मी सांगेन. मी मनात वाक्यं जुळवत होतो. पण माझ्या आधी साडूच बोलला, भाकरी मोडता मोडता.

"मामाजी, तुम्ही लोकांले सांगता ना का लहान जवायानं गाडी बनवली? मले काहीच समजलं नव्हतं. मी तं लॅपटॉप लावून बसलो होतो. गाडी भाऊनं बनवली होती, अन् आजार पण भाऊनंच पकडला. मी फक्त प्रेस दिला."

माझे कान तापले. हेच मला ऐकायचं होतं. एवढे दिवस हेच ऐकायचं होतं.

मामाजींनी घास खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. "पाहा," ते सगळ्यांना म्हणाले, "पाहा, याले म्हणतात मोठं मन! आजकाल कोण कबूल करते आपल्याले नाही समजलं म्हणून?" आणि पातेल्यातली नळी काढून त्यांनी साडूच्या ताटात वाढली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "खरंच. फार मोठेपणा आहे हा." साळीने नवऱ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या लग्नाचे पहिले दिवस आठवले. मग मामाजींना माझी आठवण झाली. "तुम्हीही चांगलं केलं जवाईबापू," ते म्हणाले. "रस्सा घ्या ना."

मी रस्सा घेतला. शेजारी बायकोचे खांदे हलत होते. ती पदराने तोंड दाबून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "आता तं कबूल करा." मी गाडी चालवत राहिलो.

"जळतो," मी म्हणालो शेवटी. "खूप जळतो."

"माहीत आहे वं माय," ती स्वतःशीच म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली.

आता माझ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त काम आहे. साडू त्याच्याकडची मागच्या एक्सलची प्रत्येक गाडी माझ्याकडे पाठवतो, पुण्याहून आलेली असली तरी. परवा एक तरुण वकील आला. गाडी नवीकोरी, भारी, वळणात मागून घसरते म्हणे. उतरल्या उतरल्या त्याने सांगायला सुरुवात केली, की तुमच्या साडूंनी स्वतः पत्ता काढून दिला, म्हणाले एक्सलमधलं माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, काय माणूस आहे, आजच्या काळात असा माणूस बघायला मिळत नाही.

"नाही मिळत," मी म्हणालो. "गाडी आत घ्या. आधी मागचं चाक उचलतो."